व्याह्यांचा कापूस

भाऊ गेले त्या दिवशी मेडिकलमधून आणलेलं कापसाचं पुडकं कोणीतरी माझ्या हातात दिलं. मी सवयीनं त्यातला चिमूटभर कापूस काढला, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढला आणि धाग्याची लांबी पाहू लागलो. भाऊंना अंगणात निजवलेलं, नाकाकानात बोळे घालायचे बाकी, बायांचं रडणं चाललेलं, आणि मी धागा मोजतोय! माझी मलाच लाज वाटली. मान वर केली, तर समोर रशीदभाई. आमच्या जिनिंगचा, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याचा, जुना फिटर. तोही तेच करत होता.

"भाई, ये तो पंधरा एमएम बी नै," तो हळूच म्हणाला. हळूच म्हणजे त्याच्या मते. जन्म मशीनपाशी गेल्यामुळे त्याचं हळू अर्ध्या गल्लीला ऐकू जातं. "ये डालेंगे तो भाऊ उठके बैठेंगे."

ते वहिनींनी ऐकलं. रडता रडता त्या थांबल्या, डोळे पुसले आणि स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "तो नका घेऊ. त्याहिले तसा चालत नाही. देवघराखालच्या फळीवर डबा हाये, त्यातला घ्या." आणि पुन्हा रडू लागल्या.

डब्यात भाऊंनी स्वतः निवडलेला कापूस होता. दर हंगामात वहिनींच्या वातींसाठी ते चांगल्यातली चांगली बोंडं आणत, बोटांनी सरकी काढत आणि मलमलच्या फडक्यात बांधून ठेवत. त्याचे बोळे केले, तेव्हा आम्हा दोघांना बरं वाटलं. एरवी कोणाच्या मयतीत कापसावरून असं समाधान झाल्याचं मला आठवत नाही.

भाऊ माझे सख्खे भाऊ नव्हेत, नोकरीतले सोबती; माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठे. यवतमाळच्या बाहेर, लोहाऱ्याच्या अंगाला असलेल्या एका जिनिंगात कापूस खरेदीचं केंद्र होतं, तिथं आम्ही दोघं ग्रेडर. ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. शेतकऱ्याची ट्रॉली आवारात लागली की ग्रेडरनं वर चढायचं, कापसात हात घालायचा, ओल किती, किडका-डागाळलेला माल किती, धागा किती लांब ते पाहायचं आणि माल घ्यायचा की परत पाठवायचा ते सांगायचं. ओल मोजायला मीटर मिळालेलं होतं. पण भाऊ आधी हातानं आकडा सांगत, मग मीटर लावत. आकडा जुळला की मीटरकडे कौतुकानं बघून म्हणत, "शिकून राह्यला पोट्टा."

हंगामाचे चार महिने त्यांच्या भुवया, मिशा, कानावरचे केस सगळं रुईनं पांढरं असे. पावसाळा लागला की पुन्हा काळं. वहिनी म्हणत, "माह्या नवरा आखाडात दहा वर्षांनं लहान होते."

माल परत पाठवताना ते कधी "नापास" म्हणाले नाहीत. तो शब्द त्यांना आवडत नसे. शेतकऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणत, "दादा, कापूस अजून रडून राह्यला. त्याले घरी न्या, दोन दिवस उन्हात बसवा, समजवा. मग आणा." वर त्याला चहा पाजत. माल परत जातोय याचा राग आणि हसू एकाच वेळी आल्यानं माणसाला धड भांडताही येत नसे. माझ्याशी मात्र लोक मनसोक्त भांडत. मी सरळ "ओला हाये, न्या" म्हणायचो ना!

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "वरचा कापूस साऱ्यायचाच चांगला असते बाप्पा. हात खाली घालून पाहा लागते." ट्रॉलीच्या बाबतीत ते खरंच होतं, कारण वर पांढराशुभ्र थर पसरून खाली भलतंच भरायची विद्या आमच्या भागात बरीच पुढे गेलेली आहे. पण भाऊ हे वाक्य टरबुजाला लावत, पुढाऱ्याला लावत, हापूसच्या पेटीला लावत आणि माणसांना तर लावतच. त्यासाठी ते हस्तांदोलन करत. नागपूरहून एक नवे साहेब तपासणीला आले, तेव्हा भाऊंनी त्यांचा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही. डोळे अर्धवट मिटले. आम्ही सगळे श्वास रोखून उभे. शेवटी भाऊ म्हणाले, "साहेब, जेवल्यावर घडीभर उन्हात बसत जा. ओल जास्त हाये." साहेब दिवसभर रुमालाला हात पुसत होते. पुढं त्यांची बदली होईपर्यंत ते भाऊंना लांबूनच नमस्कार करत.

यवतमाळातले कापडवाले तर भाऊ रस्त्यानं दिसले की ठाण आत घेत. कारण साडी घ्यायची म्हणजे भाऊ आधी तिच्या काठातला एक दोरा उपसणार, उजेडात धरणार आणि दुकानदाराला विचारणार, "हे खरंच सुती हाये का तुमी मले सांगून राह्यले म्हणून सुती हाये?" वहिनींना आयुष्यात एकदा तरी एक झुळझुळीत, बिनसुती साडी नेसायची होती. ती शेवटी वैशूनं, त्यांच्या एकुलत्या एक मुलीनं, गुपचूप आणून दिली. भाऊ केंद्रावर गेले की वहिनी ती नेसून घरभर फिरत आणि त्यांच्या स्कूटरचा आवाज आला की बदलत. भाऊंना हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणून ते गल्लीच्या तोंडापासूनच हॉर्न वाजवत यायचे.

आणि तो दुपारचा फोन! एक वाजता डबा उघडला की भाऊ घरी फोन लावत आणि डब्यात काय आहे ते वहिनींना सांगत. "गवारीच्या शेंगा हायत. ज्वारीची भाकर हाये. ठेचा हाये." पलीकडून वहिनी म्हणत, "म्याच भरला ना डबा." भाऊ म्हणत, "हाव, पण मस्त झालं ना." हे रोज. इतकी वर्षं रोज. आम्ही त्यांची टिंगल करत आमचे डबे खायचो. माझी बायको एकदा मला म्हणाली, "तुमी कधी सांगतलं का डब्यात काय होतं?" त्यानंतर मी टिंगल कमी केली.

माझे वडील दवाखान्यात होते तेव्हा अठरा दिवस भाऊंनी माझं काम ओढलं. दोन माणसांच्या ट्रॉल्या एकट्यानं पाहिल्या. मी आभार मानायला गेलो तर म्हणाले, "तू नोता तं काम लवकर होत होतं." असा माणूस होता. मला ते फार आवडत होते, हे त्यांच्या हयातीत मी त्यांना एकदाही सांगितलं नाही. आमच्याकडे तशी पद्धत नाही.

वैशूचं लग्न जमलं ते बाभुळगावकडच्या एका चांगल्या शेतकरी घरात. मुलाकडचे मुलगी पाहून गेले, पसंती कळवली, मग आम्ही घर पाहायला गेलो. भाऊ, वहिनींचे भाऊ आणि मी. मोठं घर, बैठकीत पांढऱ्या चादरीची जाड गादी. भाऊ टेकले. मी पाहिलं की त्यांचा उजवा हात चादरीखाली गेलाय. मी कोपरानं ढोसलं. उपयोग झाला नाही. गादीच्या शिवणीला कुठंतरी छिद्र असणार, ते त्यांच्या बोटाला सापडलं. पोहे आले तेव्हा भाऊंच्या हातात चिमूटभर कापूस होता आणि ते तो सगळ्यांसमोर ओढून बघत होते.

"इवाई," भाऊ म्हणाले, "हा कोणं देल्ला तुमाले?"

"आमच्याच वावरातला हाये," मुलाचे वडील ताठ बसत म्हणाले.

"वावर चांगलं हाये तुमचं," भाऊ म्हणाले. "वेचणी खराब हाये."

वहिनींच्या भावाचा घास घशात अडकला. मी मनात म्हटलं, झालं, सोयरीक मोडली, आता घरी जाऊन वैशूला काय सांगायचं? पोरीला तर मुलगा फार आवडलेला.  मग मुलाचे वडील घरात बघून ओरडले, "ऐकलं का? म्या काय सांगत होतो तुले?" ती गादी त्यांच्या बायकोनं माहेरच्या बायका लावून वेचलेल्या कापसाची निघाली. नवरा-बायकोचा जुना वाद भाऊंनी एका वाक्यात निकाली काढला होता. त्या दिवशी व्याही भाऊंवर खूश झाले. विहीणबाई मात्र लग्नाच्या पंगतीपर्यंत त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

तुळशीच्या लग्नानंतर लगेच लग्न झालं. आणि दोन महिन्यांत, संक्रांतीला चार दिवस असताना, व्याह्यांची ट्रॉली आमच्या आवारात लागली.

ही गोष्ट मी आजवर किती वेळा सांगितली असेल त्याला गणती नाही. पहिल्या संक्रांतीला वैशू माहेरी येणार होती. वहिनींनी तिच्यासाठी काळी साडी आणून ठेवलेली, सुतीच अर्थात. आणि इकडं ट्रॉलीवर चढलेले भाऊ, कोपरापर्यंत हात कापसात, आणि चेहरा एकदम उतरलेला. वरचा थर पांढराफेक. मी समजलो. मीही चढलो, हात घातला. खाली ओला होता. गार लागत होता हाताला.

व्याही खाली ट्रॅक्टरपाशी उभे, डोक्याला पांढरा दुपट्टा. लोकांना ओळखीपाळखीनं सांगत होते, "ग्रेडर आमचे इवाई हायत." मागं वीसेक गाड्यांची रांग. सगळे पाहत होते.

मी भाऊंना कडेला घेतलं. "भाऊ, घेऊन टाका. पोट्टी त्या घरात हाये. दोन महिने झाले तिले जाऊन. तुमी परत पाठवसान अन् ती तिथं बोलणे खाईन."

भाऊ बाहीला चिकटलेला कापूस झटकत राहिले.

"तुमच्या हातानं होत नसन तं तुमी चहा प्याले जा," मी म्हणालो. "मी पाहतो ही गाडी. तुमी पाह्यलीच नाही असं समजा."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मग खरंच चहाच्या टपरीकडे निघाले. चार पावलं गेले, पाचवं टाकलं आणि थांबले. परत आले. म्हणाले, "म्या हात घातला ना बाप्पा. आता कायचा चहा?"

ते व्याह्यांसमोर जाऊन उभे राहिले. त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना म्हणत तेच म्हणाले. "इवाई, कापूस अजून रडून राह्यला. त्याले घरी न्या…" पुढचं त्यांना बोलता आलं नाही.  व्याह्यांनी डोक्यावरचा दुपट्टा सारखा केला. चहा घेतला नाही. ट्रॅक्टर वळवला आणि भरली ट्रॉली घेऊन निघून गेले. त्या दिवशी एक वाजता भाऊंनी घरी फोन लावला, पण डब्यात काय आहे ते सांगितलं नाही. नुसतं "हाव, हाव" म्हणून ठेवला.

आणि संक्रांतीला वैशू आली नाही. "घरी काम हाये" असा निरोप आला.

मी संध्याकाळी भाऊंच्या घरी गेलो. तिळगूळ हातावर ठेवला आणि बसता बसताच म्हणालो, "भाऊ, माह्यं ऐका लागत होतं तुमी." भाऊ मान खाली घालून म्हणाले, "चुकलंच बाप्पा माह्यं." वहिनी तोंडाला पदर लावून आत गेल्या. मला फार वाईट वाटलं. भाऊ धीराचे, दोन ताटं जेवले. वरून दाखवत नाहीत बिचारे, असं मी समजलो.

पंधरा दिवसांनी तीच ट्रॉली आली. कापूस वाळलेला. भाऊंनी हात घातला, माल घेतला. व्याह्यांनी तेव्हाही चहा घेतला नाही. हळूहळू पुढच्या वर्षीपर्यंत सगळं सुरळीत झालं, वैशू येऊ-जाऊ लागली, तिला मुलगी झाली, व्याही-विहीण भाऊंकडे मुक्कामाला येऊ लागले. पण मी काही ती गोष्ट सोडली नाही. खरं सांगायचं तर भाऊंच्या बाबतीत माझी सरशी झाली असा आयुष्यातला तेवढाच एक प्रसंग होता. लग्नात, बारशात, निरोप समारंभात, जिथं चार माणसं जमली तिथं मी सुरू करायचो, "एकदा काय झालं, भाऊच्या इवायाची ट्रॉली आली…" आणि शेवट ठरलेला: "म्या सांगत होतो घ्या, ऐकलं नाही. पोरीची पहिली संक्रांत बुडाली." लोक भाऊंकडे बघत आणि भाऊ म्हणत, "खरं हाये. चुकलंच माह्यं." बारा वर्षं हा आमचा जोडीचा कार्यक्रम चालला.

तेरवीला अंगणात मांडव होता. व्याही जेवून गावाकडे निघाले, त्यांची ओलिताची, वावराला पाणी द्यायची पाळी होती. मला मोकळं रान मिळालं. केंद्रावरची जुनी मंडळी, रशीदभाई, गल्लीतले दोनचार जण खुर्च्या ओढून बसलो होतो. कोणी तरी म्हणालं, भाऊची एखादी आठवण सांगा. मी सुरू केली. रंगवून सांगितली. चहाची टपरी, चार पावलं, सगळं. लोक हसले, शेवटी हळहळले. शेवटी मीही डोळे पुसले, कारण "चुकलंच माह्यं" म्हणायला या वेळी भाऊ नव्हते आणि ते वाक्य मलाच म्हणून दाखवावं लागलं.

हात धुवायला मागच्या नळावर गेलो, तर वैशू आली. हातात पाण्याचा जग.

"काका, राग नाही येणार तं एक सांगू?"

"बोल ना पोरी."

"त्या दिवशी सकाळी ट्रॉली भरून राह्यले होते तवा मी अंगणातच होती. मी हात घातला. वर चांगला होता, खाली ओला होता. सासऱ्याले, मामाजीले म्हणलं, हा परत येईन. साऱ्यायसमोर म्हणलं. सासू म्हणे, अवं, तिथं तुह्या बापच बसला हाये. मी म्हणलं, म्हणूनच येईन."

मी नळ बंद करायचा विसरलो.

"दोन महिन्याची नवरी मी, काका. मोठ्यायच्या तोंडावर बोलून बसली. दिवसभर जीव थाऱ्यावर नोता. बाबानं घेतला असता तं त्या घरात माह्या शब्दाले काय राह्यलं असतं? दुपारी ट्रॅक्टरचा आवाज आला. बाहेर जाऊन पाह्यलं तं ट्रॉली भरलेलीच. मी आत जाऊन रडली. आनंदानं."

"अन् संक्रांत?" मी म्हणालो. "संक्रांतीले काहून नाही पाठवलं तुले?"

"कोणं नाही पाठवलं? मीच थांबली. तो कापूस वाळवत कोण होतं? मी अन् सासू, आठ दिवस गच्चीवर. मामाजी रोज विचारे, पाह्य वं पोरी, झाला का? तवापासून आमच्या घरी मी हात घातल्याबिगर ट्रॉली भरत नाहीत."

मी नळ बंद केला. मग विचारलं, "भाऊले माहीत होतं हे?"

"त्याच संध्याकाळी फोन करून सांगतलं ना मी. आईलेही माहीत हाये."

"मग मले काहून नाही सांगतलं कोणी?"

वैशूनं जग खाली ठेवला. पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. "बाबा म्हणे, काकाले नको सांगू. त्याहिनं तुह्याच काळजीनं म्हणलं होतं, घ्या म्हणून. आता त्याहिले समजलं का त्याहिचं ऐकलं असतं तं तुह्यंच नुकसान झालं असतं, तं ते मनाले लावून घेतीन. त्यापरीस मीच चुकलो म्हणतो. माह्यं काय जाते?"

पोरगी आत गेली. मी तिथंच उभा. बारा वर्षं! बारा वर्षं मी त्या माणसाच्या घरात, त्याच्याच ताटात जेवून, त्यालाच शहाणपण शिकवत होतो. सांगताना एखादं वाक्य विसरलो तर भाऊच मला आठवण करून द्यायचे. "चार पावलं गेलतो म्या, पाचवं टाकलं मंग थांबलो," असं स्वतः दुरुस्त करायचे. आणि मी मोठ्या मनानं "हाव, पाच" म्हणायचो.

मी मांडवात परत आलो. मंडळी अजून तिथंच होती, पान लावत होती.

"मघाची गोष्ट," मी उभ्या उभ्याच म्हणालो, "उलटी हाये. भाऊचंच बरोबर होतं. चूक माह्यी होती."

सगळे माझ्याकडे बघू लागले. रशीदभाईनं तोंडातलं पान एका गालात सारलं.

"ऐसा कैसा? भाऊ तो खुद बोलते थे ना, मेरा चुका करके?"

"बोलत होते," मी म्हणालो. "माह्यासाठी बोलत होते."